दोन वाचणारे

तार्तूतला फेब्रुवारी. नदी गोठलेली,
पोरं दप्तरं ओढत तिच्यावरूनच पलीकडे जातात.
आम्ही सहाजण संगीतशाळेच्या वरच्या मजल्यावर,
कारण ही खोली फुकट मिळते
आणि हीटर चालतो.

विषय एकच: आमच्या डेस्कटॉपच्या घरात
कुठल्या भाषांना अधिकृत मानायचं.
मी इतिवृत्त लिहिते. मला मत नाही.
मी फक्त मेनू व्होरोत आणते,
इथून दक्षिणेला, खेड्यांत बोलतात ती भाषा:
'उघडा', 'जतन करा', 'नक्की बंद करायचं का?'

सी राहणारच, हेइनो म्हणाला.
पडद्यावर खिडक्या रेखणारा कोड त्याचा,
एकोणीस वर्षं.

काउपोला रस्ट हवी होती.
ती मेमरीचा हिशेब चोख ठेवते म्हणाला,
एका हाती दिलेलं दुसऱ्या हाती उरत नाही.
आणि ती कंपाइल होईपर्यंत, हेइनो म्हणाला,
माणूस जेवून भांडी घासून येतो.
वाइके पायथनच्या बाजूची;
तिच्या वर्गातली सातवीची पोरंसुद्धा तीच लिहितात.
सगळ्यांचंच बरोबर होतं.
असं झालं की बैठक लांबते.

खाली कुणीतरी पियानोचा एकच सूर
पुन्हा, पुन्हा वाजवत होतं.

मग भिंगाचा विषय निघाला.
पडद्यावरची अक्षरं मोठी करणारं आमचं भिंग
तोइव्होने लिहिलं, अशा भाषेत
की तिचं नाव मी दोनदा विचारून लिहिलं.
तोइव्हो परवाच्या वर्षी गेला.
भिंग चालतंय. रोज, मशीन सुरू झालं की.
पण त्यातली एक ओळ हलवायला
कुणाचा हात धजत नाही.

काढून टाकू, सीम म्हणाला,
उन्हाळ्यापर्यंत नवं लिहू, मान्य भाषेत.

तेवढ्यात आइवार वर आला,
खालचा पियानो सुरात लावणारा. किल्ली द्यायला.
त्याने ऐकलं होतं सगळं.
'ते भिंग? त्यावरच मी बिलं वाचतो.
उन्हाळ्यापर्यंत काय करू?'

कुणी बोलेना. त्यालाच अवघडलं असावं,
म्हणून पियानोबद्दल बोलू लागला:
गावात एका जुन्या जातीचे चार पियानो आहेत,
त्यांच्या खुंट्या वेगळ्या, हत्यार वेगळं.
खाली शिकाऊ पोरगी आहे ना माझी,
तिचा हात बसेपर्यंत
मी त्यांची जबाबदारी घेतली नव्हती.
उद्या मी पडलो, तर?

वाइकेने माझ्याकडे वळून सांगितलं, लिही:
जी भाषा दोघांना वाचता येते,
दोघेही हयात, दोघेही हाकेला ओ देणारे,
ती घरची. एकालाच येते ती पाहुणी.
पाहुणीला हाकलायचं नाही,
तिच्यासाठी दुसरा माणूस शोधायचा.

पायथनला हात लगेच वर गेले.
रस्टसाठी काउपोचा एक. तो इकडेतिकडे बघत राहिला.
शिकतोय म्हटलं तर चालेल का, सीमने विचारलं,
आणि कान लाल करून हात अर्धा उचलला.
भिंगाखाली वाइकेने स्वतःचं नाव घातलं,
पुढे: 'अजून येत नाही.'

सीपाशी आम्ही थांबणारच नव्हतो.
सी सगळ्यांना येते.
हेइनोनेच लॅपटॉप फिरवला, खिडक्यांचा कोड उघडला,
म्हणाला, वाचा.

आम्ही वाचलं. हीटरचा आवाज येत होता.
तीन अक्षरांची नावं, शेरा कुठेच नाही,
एका जागी नुसतं 'इथे हात लावू नका', तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

'हिला पाहुणी लिही,' हेइनो मला म्हणाला,
आणि वाइकेसाठी खुर्ची सरकवली.

मी लिहिलं. मग भाषांतराची फाइल उघडली.
व्होरोच्या रकान्यात नाव एकच.
ते इतिवृत्तात आलं नाही,
कुणी विचारलं नव्हतं.

निघताना खाली ती शिकाऊ पोरगी
हत्यारं फडक्यात गुंडाळत होती.
मी सहज विचारलं, गाव कुठलं?
तिने मान वर न करता उत्तर दिलं,
व्होरोत.